टँकरमागचं डिझेल

आपली ऊर्जा, आपला कारभार : लेखांक 6

पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात मे महिन्यात टँकर येतो, तो बहुतेक ठिकाणी घरोघरी पाणी वाटत नाही. पाड्याच्या विहिरीशी थांबतो. ड्रायव्हर मागच्या तोटीला जाड पाइप जोडतो आणि सगळं पाणी विहिरीत सोडून देतो. तळाचा गाळ ढवळून वर येतो. काठावर हंडे-कळश्या घेऊन उभ्या असलेल्या बाया पाणी निवळायची वाट बघत नाहीत, कारण तोवर वाट्याला काही उरणार नाही. दोर सुटतात, पोहरे एकमेकांवर आपटतात, आणि थोड्याच वेळात विहिरीचा तळ पुन्हा उघडा पडतो. घाट चढून आणलेलं पाणी खड्ड्यात ओतायचं आणि तेच पुन्हा हातानं शेंदून वर काढायचं, असा हा व्यवहार वर्षानुवर्षं चालू आहे.

मागच्या आठवड्यात आपण मोठ्या शहरांच्या पथदिव्यांचा हिशेब पाहिला. सोडियमचा दिवा उतरवून एलईडी चढवला की बिल निम्म्याच्या आसपास येतं. काम सोपं आणि फायदा लगेच दिसणारा. जव्हार-मोखाड्यात आल्यावर तो हिशेब तोकडा पडतो. इथल्या स्थानिक कारभाराची ऊर्जा खरी खर्ची पडते ती पाणी वर चढवण्यात आणि पाणी वाहून आणण्यात. ऊर्जा बचतीचा विचार इथं विहिरीपासूनच सुरू करावा लागतो.

पाऊस इथं कमी नाही. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो, पण चार महिन्यांत. वर मातीचा पातळ थर, खाली काळा कातळ, उतार तीव्र. पाणी वैतरणेला, पिंजाळला, सूर्येला मिळतं आणि खाली निघून जातं. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मुंबई महापालिकेनं मध्य वैतरणा धरण बांधलं. 2014 पासून त्याचं पाणी मुंबईला मिळतं, रोज 45.5 कोटी लिटर. नदीनं ते मोडकसागरात उतरतं आणि तिथूनही उतारानंच मुंबईची वाट धरतं. उताराच्या पाण्याला वीज लागत नाही, चढाच्या पाण्याला लागते. इथले पाडे टेकाडावर आहेत आणि पाणी दरीत.

विजेचंही तसंच. याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तारापूरला 1969 साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, डहाणूला कोळशावरचं 500 मेगावॅटचं केंद्र आहे. डोंगरावरच्या पाड्यांपर्यंत विजेची तार पोचायला त्यानंतर कित्येक वर्षं गेली. पोचली तीही लांबच लांब, शेवटच्या खांबावर दाब घसरलेली. दाब पडला की मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. मोटार जळली की नळपाणी योजना बंद, आणि योजना बंद पडली की टँकरची मागणी तहसीलदारांकडे जाते.

थोडं गणित करू. 1,000 लिटर पाणी 100 मीटर उंच चढवायला निसर्गनियमानं 0.27 युनिट ऊर्जा लागते. पंपात, मोटारीत, पाइपात निम्मी वाया जाते असं धरलं तरी 0.55 युनिट. म्हणजे 10,000 लिटरच्या टँकरभर पाण्याला साडेपाच युनिट. शहरातल्या घरात दीड टनाचा एसी चार तास चालला की एवढी वीज संपते.

आता तेवढंच पाणी टँकरनं आणा. जाऊन-येऊन 40 किलोमीटरचा घाटरस्ता आणि गाडीला लिटरमागे 4 किलोमीटर धरले, तर एका खेपेला 10 लिटर डिझेल. एका लिटर डिझेलमध्ये साधारण 10 युनिट ऊर्जा असते. म्हणजे साडेपाच युनिटांच्या कामासाठी आपण 100 युनिटांचं इंधन जाळतो आणि 27 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. हेच पाणी आपल्या ग्रिडच्या, मुख्यतः कोळशाच्या, विजेवर चढवलं तरी उत्सर्जन चार किलोच्या घरात राहतं. रोज एक खेप धरली तरी उन्हाळ्याच्या 90 दिवसांत एका विहिरीमागे 900 लिटर डिझेल. प्रत्येक गावाचं अंतर आणि उंची वेगळी, त्यामुळे आकडे थोडे खाली-वर होतील. दोन्हींतली तफावत मात्र बुजणार नाही.

डिझेलचा विषय निघाला की जव्हारचा घाट थेट होर्मुझच्या सामुद्रधुनीला जोडला जातो. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेलबंदी केली आणि काही महिन्यांत पिंपामागचा भाव 3 डॉलरवरून 12 डॉलरच्या आसपास गेला. जुलै 2008 मध्ये तो 147 डॉलरला टेकला आणि 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धात पुन्हा 120 च्या वर गेला. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरानं तेल महागलं तर शहराच्या कोणत्या सेवा अडतील याचा अभ्यास करायला समिती नेमली. 2007 साली तिनं अहवाल दिला आणि 25 वर्षांत तेल-वायूचा वापर निम्म्यावर आणा असं सुचवलं. मोखाडा पंचायत समितीला असा अहवाल दोन पानांत करता येईल. पहिलं पान टँकरचं असेल.

मग हे थांबत का नाही? मला याचं मूळ पैशाच्या वाटांमध्ये दिसतं. टँकरचा खर्च टंचाई निधीतून होतो, त्याची मंजुरी वरून येते. नळपाणी योजनेचं वीजबिल ग्रामपंचायतीनं भरायचं असतं. म्हणजे ग्रामपंचायतीनं पंप नीट ठेवला, बिल वेळेवर भरलं आणि टँकर लागू दिला नाही, तर वाचलेलं डिझेल तिच्या वहीत कुठंच दिसत नाही. उलट बिल थकलं, महावितरणनं जोडणी तोडली आणि नळ कोरडे पडले, तर थकलेल्या काही हजारांपायी त्याच्या कितीतरी पट डिझेल सरकारी खर्चानं घाट चढू लागतं. 2021 मध्ये पथदिव्यांची बिलं 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतून भरा असा आदेश निघाला, तेव्हा राज्यभर सरपंचांनी विरोध केला आणि गावंच्या गावं अंधारात गेली. खर्च कोणी करायचा यावर वाद झाला. वीज किती लागते आणि किती लागायला हवी, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारल्याचं आठवत नाही.

तो प्रश्न पंपघरात उभं राहून विचारावा लागतो. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह असतो, पाणी मागे जाऊ न देणारी झडप. तिचं रबर झिजलं की रात्रभरात पाइप रिकामा होतो. सकाळी कर्मचारी वरून बादली-बादली पाणी ओतून पंप भरतो, मग स्टार्टर दाबतो, पंप हवा ओढतो, पुन्हा बंद, पुन्हा पाणी. मोटार फिरते, मीटर फिरतो, टाकीत थेंब पडत नाही. जाळीत पालापाचोळा अडकला तर पंप तेवढाच वेळ चालून कमी पाणी देतो. दोन-तीनदा जळून पुन्हा भरलेली मोटार त्याच पाण्याला जास्त वीज खाते. रबर बदलायचा खर्च किरकोळ असतो, पण त्यासाठी कोणतीही योजना नाही आणि उद्घाटनही नाही. राज्य सरकारनं 2 ऑक्टोबर 2020 रोजी माझी वसुंधरा अभियान सुरू केलं. त्यात पंचतत्त्वांपैकी अग्नी म्हणजे ऊर्जा धरून एलईडी, सौर, ऊर्जा लेखापरीक्षण यांना गुण ठेवले. चांगलंच केलं. माझं म्हणणं एवढंच, की लेखापरीक्षण कार्यालयातल्या पंख्यांपासून सुरू न होता फूट व्हॉल्व्हपासून सुरू व्हावं. जव्हारची नगरपरिषद 1918 सालची, संस्थानच्या काळातली. शंभर वर्षं पुरी झालेल्या या संस्थेला आपल्या पंपांची वही ठेवणं अवघड नाही. मोखाड्याची नगरपंचायत नवी आहे, तिला तर पहिल्यापासून ठेवता येईल.

आता सौर. या डोंगराळ भागासाठी तो मला सगळ्यात आशेचा मार्ग वाटतो, आणि त्याचं कारण अनुदान नाही. मार्च ते मे या तीन महिन्यांत पाण्याची ओढाताण सगळ्यात जास्त, आणि ऊनही त्याच महिन्यांत सगळ्यात कडक. आषाढ-श्रावणात ढगांनी पॅनेल थंडावतात तेव्हा दारात झरे वाहत असतात. 500 वस्तीच्या गावाला जलजीवन मिशनच्या निकषानं माणशी 55 लिटर, म्हणजे रोज 27,500 लिटर पाणी लागतं. 100 मीटर चढवायला रोज 15 युनिट. एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला साधारण 4 युनिट देतं, म्हणजे 4 ते 5 किलोवॅट पुरेत. शाळेच्या एका वर्गखोलीच्या छपराएवढी जागा. बॅटरी लागत नाही, कारण दिवसा चढवलेलं पाणी टाकीत साठतं आणि टाकी हीच बॅटरी. त्याहून लहान पाड्यांसाठी आपल्याकडे दुहेरी पंपाची पद्धत रुळली आहे. एकाच बोअरवर हातपंपही आणि सौर पंपही, वर 5,000 लिटरची टाकी. ऊन नसलं तर हापसा आहेच.

पण बंद पडलेले सौर पंपही डोंगरात पाहायला मिळतात. कधी कंट्रोलर बिघडलेला असतो आणि ठेकेदाराचा फोन लागत नाही, कधी पॅनेलवर झाडाची सावली वाढलेली असते, तर कधी बोअरच आटलेलं असतं. शेवटच्या दुखण्यावर वीज कुठलीही आणा, उपाय नाही. वनराई बंधारे, झऱ्यांच्या वरच्या अंगाचं रान राखणं, ही इथली ऊर्जा बचतीचीच कामं आहेत असं मी मानतो. पाड्याच्या वर झरा असेल तर त्याचं पाणी पाइपानं उतारावर आणावं, पंप लागतच नाही. पहिल्या दोन दुखण्यांना माणूस लागतो. दिवाळीनंतर इथली कुटुंबं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. आयटीआय शिकलेल्या चार पोरांना पंचक्रोशीतल्या सौर पंपांची देखभाल नेमून दिली आणि त्यांचा पगार ठरवला, तर पंपही चालतील आणि चार घरं तरी मागे राहतील.

पैसा कुठून, हा प्रश्न येतोच. तमिळनाडूत कोइमतूरजवळच्या ओदंतुराई पंचायतीनं 2006 साली कर्ज काढून 350 किलोवॅटची पवनचक्की घेतली आणि उरलेली वीज विकली. साताऱ्यात पाटण तालुक्यातली मान्याची वाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. जव्हार-मोखाडा अनुसूचित क्षेत्रात येतात, त्यामुळे इथं आणखी एक वाट आहे. 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी थेट पेसा कायद्याखालच्या ग्रामपंचायतींना मिळतो, आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. पाड्याची ग्रामसभा फूट व्हॉल्व्हही मंजूर करू शकते आणि सौर पंपही.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ज्या घरात दोन दिवे, एक मोबाइल आणि तीन दगडांची चूल आहे, त्या घराला वीज वाचवायचा उपदेश कोणी करू नये. त्या घराला आजच्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळायला हवी. हवामान बिघडवण्यात त्याचा हात जवळपास नाही. लांबलेला पाऊस आणि आटलेली विहीर मात्र त्याच्याच वाट्याला आली आहे. बचत करायची आहे ती कारभारानं, आणि वाचलेली ऊर्जा त्या घराच्या नळाला यायला हवी.

1 मेची ग्रामसभा टंचाईच्या ऐन भरात येते. तुमचं गाव या दोन तालुक्यांतलं असेल, किंवा नंदुरबारचं, सुरगाण्याचं, मेळघाटाचं असेल, तर त्या दिवशी ग्रामसेवकांकडे तीन कागद मागा : पाणीपुरवठ्याच्या पंपाची वर्षभराची वीजबिलं, पथदिव्यांची बिलं, आणि गेल्या उन्हाळ्यात गावात आलेल्या टँकरच्या खेपांची नोंद. तिन्ही आकडे ग्रामसभेत मोठ्यानं वाचायला लावा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.