‘घराण्यात कोणाला कोड नाही ना?’

२०२५चं वैद्यकाचं नोबेल मेरी ब्रुंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना मिळालं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवर का उलटत नाही आणि कधी उलटते, यावर तेव्हा रकानेच्या रकाने आले. मला त्यातून आठवल्या त्या आपल्या कर्जत-खालापुरातल्या सोयरिकी. पत्रिका जुळते, जमीन-नोकरी विचारून होते आणि मग एखादी आत्या हळूच विचारते, ‘घराण्यात कोणाला कोड नाही ना?’ मुलीच्या काकाच्या ओठावर पांढरा डाग दिसला, तरी बोलणी मोडतात.

कोड स्पर्शाने होत नाही, महारोगाशी त्याचा संबंध नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर आपल्याच प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी तुटून पडतात. आत्याबाईंना अनुवंशाचा संशय येतो, तो अगदीच निराधार नाही. पण हिशेब बघा. एकसारख्या जुळ्यांत सगळे जीन्स सारखे, तरी एकाला कोड असताना दुसऱ्यालाही ते होण्याचं प्रमाण साधारण २३ टक्के निघालं. सख्ख्या भावंडांत आणि मुलांत तर सहा-सात टक्के. मग काकावरून पुतणीचं काय ठरवणार?

नोबेलवाल्या संशोधनातला फॉक्सपी-३ हा जीन बिघडला, तर ‘आयपेक्स’ नावाचा विकार मुलग्यांना तान्हेपणीच गाठतो. एक जीन, एक आजार. कोडाचं तसं नाही. जनुकसंचातल्या सुमारे पन्नास जागांचा थोडाथोडा हात त्यात सापडला आहे. त्यातला टीवायआर हा तर मजेशीर: त्याचे जे प्रकार कोडाचा धोका वाढवतात, तेच मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा धोका कमी करतात. असा जीन असलेलं घराणं चांगलं म्हणायचं की वाईट?

आदिवासी पट्ट्यात २०२३च्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेपासून लग्नाआधी सिकलसेलची कार्डं जुळवण्याचा सल्ला दिला जातो. तो रास्तच आहे, कारण तिथे दोषी जीन एकच. कोडाचं असं कार्ड निघू शकत नाही. शिवाय त्या पन्नास जागा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत शोधलेल्या. आपापल्या समाजातच लग्नं करणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना त्या कितपत लागू पडतील? त्यांचे नमुने घेतल्याशिवाय जनुकचाचणी विकणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांना स्वतःला कोड आहे. त्यांची ‘श्वेता असोसिएशन’ कोड असलेल्यांसाठी वधू-वर मेळावेही घेते. उपयोगी काम आहे. पण कोड असलेल्यांनी एकमेकांतच जोडीदार शोधावा, ही वेळ त्यांच्यावर बाकीच्यांनीच आणली आहे.

इकडे मुलीच्या गालावर डाग उठला की घरचे तिला पाहुण्यांसमोर येऊ देत नाहीत आणि बावचीचं तेल चोळून उन्हात बसवतात. बावचीतलं सोरालेन औषधी खरं, पण त्याचं प्रमाण आणि उन्हाचा वेळ चुकला की भाजल्यासारखे फोड येतात. चेहऱ्यावरचे डाग लवकर उपचार सुरू केले तर बऱ्यापैकी भरतात. बोटांच्या टोकांवरचे फार चिवट. त्वचारोगतज्ज्ञाकडे लवकर जायचं ते याचसाठी, आणि नेमके तेच महिने लपवाछपवीत जातात.