वायूचे शंभर भाग

मुलांनो, तुमच्या घरी स्वयंपाक गॅसवर होतो ना? मॉरिशसमध्ये हा गॅस सिलिंडरमधून येतो. त्यात प्रोपेन व ब्युटेन हे वायू असतात. नैसर्गिक वायू मात्र वेगळा. तो मुख्यतः मिथेन असतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी सूक्ष्म जीवांचे अवशेष गाळाखाली दबले गेले. उष्णता व दाब यांमुळे त्यांचा हा वायू बनला. विहिरी खणून तो वर काढतात. अनेक देशांत तो नळांतून घरांत, कारखान्यांत आणि वीजकेंद्रांत नेतात.

२०२३ साली जगाने सुमारे ४ लाख कोटी घनमीटर नैसर्गिक वायू वापरला. एवढी मोठी संख्या डोळ्यांपुढे आणणे कठीण आहे. म्हणून आपण तिचे १०० सारखे भाग करू. कोणाच्या वाट्याला किती भाग आले, ते पाहा :

अमेरिकेची संयुक्त संस्थाने – सुमारे २२
रशिया – सुमारे ११
चीन – सुमारे १०
इराण – सुमारे ६
भारत – सुमारे दीड

उरलेले भाग इतर सर्व देशांचे.

आता लोकसंख्या पाहू. जगातील दर १०० माणसांपैकी सुमारे ४ माणसे अमेरिकेतील आहेत आणि सुमारे १८ भारतातील. म्हणजे ४ माणसांना २२ भाग, तर १८ माणसांना दीडच भाग! असे का? अमेरिकेत हा वायू भरपूर सापडतो. तेथे त्यापासून पुष्कळ वीज तयार करतात. थंडीत घरेही त्यावर गरम ठेवतात. भारतात बहुतेक वीज कोळशापासून होते.

नैसर्गिक वायू जळताना कोळशापेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड सोडतो, पण सोडतोच. त्यामुळे पृथ्वी तापते व समुद्राची पातळी वाढते. आपणही विजेसाठी कोळसा व तेल जाळतो. आपण बेटावर राहतो. समुद्र वर चढला, तर तो आपल्याच किनाऱ्यावर येणार. शिवाय जमिनीखालचा साठा एकदा संपला, की तो लवकर पुन्हा तयार होत नाही. म्हणून इंधन जपून वापरायला हवे.

करून पाहा : वहीत १०० चौकोन आखा. प्रत्येक देशाचे भाग वेगळ्या रंगाने रंगवा. जगातील दर १०० माणसांत इराणचा सुमारे १ माणूस असतो. त्याच्या वाट्याला किती भाग आले, ते शोधा आणि वर्गात सांगा.