भट्टीतलं पाणी आणि खाडीतली कालवं

स्कॉटलंडच्या उत्तरेला, टेन गावाजवळ, डॉर्नॉक खाडीच्या काठावर ग्लेनमोरांजीची व्हिस्कीची भट्टी आहे. तांब्याचे हंडे जिराफाइतके उंच. पहिल्या हंड्यातून मद्यार्काची वाफ निघून गेली की तळाशी तपकिरी, आंबूस वासाचं गरम पाणी उरतं. तिकडे त्याला ‘पॉट एल’ म्हणतात. एक लिटर शुद्ध मद्यार्कामागे हे पाणी साधारण 8 लिटर निघतं, शिवाय अडीच किलो जवाचा चोथा. चोथ्याची चिंता नसते. गुरं तो आवडीने खातात. डोकेदुखी पाण्याची.

त्यात मेलेलं यीस्ट असतं, प्रथिनं असतात, हंड्याचं थोडं तांबंही उतरलेलं असतं. घात होतो तो या पौष्टिकपणामुळेच. असं पाणी नदीत गेलं की जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि खाता खाता पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे गुदमरतात.

महाराष्ट्रातल्या नदीकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मळीमिश्रित पाणी आलं की पांढरी पोटं वर करून तरंगणारे मासे त्याने पाहिलेले असतात. आपल्याकडची बरीचशी व्हिस्की मळीच्याच मद्यार्कापासून बनते, आणि या सांडपाण्याचा गडद रंग जिवाणूंनाही पुरता हटवता येत नाही. म्हणून अनेक कारखान्यांत ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात. खर्चिक काम आहे, पण ते टाळलं की किंमत नदी मोजते.

ग्लेनमोरांजीने 2017 मध्ये जे संयंत्र सुरू केलं, ते आपल्या गोबरगॅसचंच थोरलं भावंड. बंद टाक्यांत, हवेशिवाय, जिवाणू सांडपाणी पचवतात आणि तयार झालेला वायू भट्टीच्याच कामी येतो. सेंद्रिय भार 95 टक्क्यांनी घटवायचा, हे त्याचं काम.

उरलेले 5 टक्के कालवांकडे सोपवायचे, ही कल्पना मात्र फारच सुंदर आहे. एक मोठं कालव दिवसाकाठी दोनशे लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं. या खाडीतली मूळची कालवं माणसाने शंभरेक वर्षांपूर्वीच ओरबाडून संपवली होती. हेरिऑट-वॉट विद्यापीठ आणि मरीन कॉन्झर्वेशन सोसायटी यांच्या साथीने 2017 मध्ये पहिली 300 कालवं पुन्हा खाडीत उतरवली गेली. त्यांना टेकायला टणक तळ हवा, म्हणून रिकामे शिंपले आणून पसरले. आता लक्ष्य आहे 40 लाख कालवांचं.