बोलण्याचा डाव

ऑगस्ट २००६. लास व्हेगासचं रिओ हॉटेल, पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा. प्रत्येकी १०,००० डॉलर भरून ८,७७३ जण उतरले होते, त्यांतले दोनच उरले होते: जेमी गोल्ड आणि पॉल वासिका. टेबलाच्या मध्यावर राणी, अठ्ठी आणि पंजी अशी तीन पानं उघडी पडली होती. गोल्डच्या हातात राणी आणि नव्वी होती, म्हणजे त्याची राणीची जोडी जुळली होती. वासिकाच्या हातात दोन दश्श्या. गोल्डने सगळं पणाला लावलं आणि तोंड सुरू ठेवलं. आपला हात कसा आहे, समोरच्याने काय करावं, यावर तो बोलतच राहिला. वासिकाने कॉल केला, म्हणजे तेवढीच बोली लावली, आणि १ कोटी २० लाख डॉलरचं पहिलं बक्षीस गोल्डला मिळालं.

बोलण्याने समोरच्याला पैसे लावायला कसं लावता येतं, हे समजायला आधी या खेळात लपलेलं काय असतं ते पाहू. टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं मिळतात, आणि मधली पाच सगळ्यांची असतात. ती पाच पानं टप्प्याटप्प्याने उघडतात: आधी तीन, मग एक, मग आणखी एक. पानं वाटल्यावर एकदा आणि प्रत्येक टप्प्यानंतर एकदा अशा बोलीच्या चार फेऱ्या होतात. तीन पत्तीत आपली तिन्ही पानं झाकलेली असतात, त्यामुळे समोरच्याबद्दल अंदाज बांधायला हाताशी फारसं काही नसतं. होल्डेममध्ये मात्र सातांतली पाच पानं सगळ्यांना दिसतात. सगळं कोडं उरलेल्या दोन पानांचं. त्या दोन पानांबद्दल जरा जरी सुगावा लागला, तरी हजारो डॉलरचा निर्णय फिरू शकतो.

सुगावा कसा लागतो? एक वाट बोलीची. कोण कधी रेझ करतो, म्हणजे बोली वाढवतो, किती वाढवतो, कोण नुसता कॉल करतो, यावरून जाणकार समोरच्याची संभाव्य पानं मनात मांडत जातो. दुसरी वाट माणसाची. हातात जबरदस्त पानं असलेला माणूस सहसा सैल असतो, त्याचा श्वास मोकळा चालतो, प्रश्न विचारला तर उत्तर सहज येतं. ब्लफ करणारा, म्हणजे कमजोर पानांवर मोठी बोली लावणारा, बहुधा आखडतो, कारण त्याला एकच गोष्ट हवी असते, आपल्याकडे कुणी लक्ष देऊ नये. म्हणून बोलका खेळाडू मुद्दाम प्रश्न टाकतो: ‘मी फोल्ड केलं (पानं टाकली) तर तुझी पानं दाखवशील का?’ होकाराला किंवा नकाराला फारसं महत्त्व नसतं. आवाज बदलला का, हात थांबला का, नजर चिप्सकडे गेली का, यावर त्याचं लक्ष असतं. आणि स्वतः ब्लफ करत असताना हाच माणूस इतकं बोलतो की घाबरलेला माणूस एवढं बोलेलच कसा, असं समोरच्याला वाटावं.

इथपर्यंत हे कसब आहे, आणि मी त्याला कसबच म्हणेन. हातातली पानं झाकायची मुभा देणाऱ्या खेळात बोलून दिशाभूल करण्याची मुभाही असायलाच हवी. नियम आडवे येतात ते दुसऱ्या ठिकाणी. डावात तीन किंवा जास्त जण असतील तर आपली पानं बोलून उघड करता येत नाहीत, कारण त्याने तिसऱ्याचं नुकसान होतं. शेवटचे दोघेच उरले की ही अडचण संपते, म्हणूनच गोल्डला त्या रात्री मनसोक्त बोलता आलं.

विल कॅसूफचं प्रकरण याहून अवघड आहे. लंडनचा, कायदा शिकलेला हा खेळाडू २०१६ मध्ये त्याच मुख्य स्पर्धेत खोलवर पोचला. ६,७३७ जणांत त्याचा शेवटी १७वा क्रमांक आला. त्याने आपल्या बोलण्याला खेळाचं अधिकृत अंग म्हणूनच पुढे केलं. स्टेसी मॅटुसन हिच्या हातात दोन राण्या असताना त्याने नुसत्या नव्वीच्या बळावर मोठा ब्लफ केला आणि ती विचार करत होती तेवढा वेळ तिच्याशी बोलत राहिला. तिने फोल्ड केलं, मग त्याने आपली पानं अभिमानाने दाखवली. पत्त्यांचा डाव म्हणून पाहिलं तर तो ब्लफ धाडसाचा आणि अचूक होता. पण तो पाहताना माझं लक्ष तिच्याकडे जातं. आपल्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत ती डोकं शांत ठेवायची धडपड करत होती आणि समोरून आवाज थांबतच नव्हता.

कॅसूफबद्दल दुसरी तक्रार होती ती वेळेची. स्पर्धेत ब्लाइंड, म्हणजे प्रत्येक फेरीत सक्तीने भरायच्या चिप्स, ठरावीक वेळाने वाढतात. मुख्य स्पर्धेत ब्लाइंडची एक पातळी दोन तासांची असते. टेबलावर नऊ जण बसलेत आणि त्यांतला एक दहा वेळा तीन-तीन मिनिटं जास्त घेतो. हिशेब सोपा आहे: दोन तासांतला अर्धा तास गेला. उरलेल्या आठ जणांच्या वाट्याला तेवढे कमी डाव येतात, ब्लाइंड मात्र ठरल्या वेळी वाढतात. ज्याच्याकडे चिप्स कमी आहेत त्याला चांगल्या पानांची वाट पाहायला डावच उरत नाहीत.

बक्षिसांची सीमा जवळ आली की हा त्रास टोकाला जातो. २०१६ मध्ये १,०११ जणांना पैसे मिळाले, त्यांच्या एक क्रमांक मागे असलेल्याला बक्षिसाचे पैसे नाहीत. त्या सुमाराला कुणी मुद्दाम रेंगाळला तर त्याच्या टेबलावर डाव कमी होतात आणि तेवढ्यात दुसऱ्या टेबलांवरचे दुबळे बाहेर पडत राहतात. याला उपाय म्हणून सीमेवर सगळ्या टेबलांनी एकेक डाव खेळून थांबायचं अशी पद्धत आहे. सगळ्यांचा डाव संपल्याशिवाय पुढची पानं वाटली जात नाहीत. एरवीसाठी ‘क्लॉक’ असतो. कुणी फारच वेळ घेत असेल तर टेबलावरचा खेळाडू फ्लोअरला, म्हणजे नियम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, बोलावून वेळ लावायला सांगतो. मग साधारण तीस सेकंद मिळतात. तेवढ्यात निर्णय झाला नाही तर पानं गेली. (फ्लोअर, क्लॉक, पेनल्टी हे शब्द पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटींवरही असेच चालतात.)

पेनल्टी खेळाडूला कशी लागते हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. आधी तोंडी ताकीद. मग एक डाव किंवा एक पूर्ण फेरी टेबलापासून दूर. शेवटी हकालपट्टी. एका फेरीची शिक्षा वाटते तेवढी सौम्य नाही. खेळाडू दूर उभा असतो, पण त्याच्या जागेवर पानं वाटली जातात आणि लगेच बाद होतात. त्याचे ब्लाइंड आणि अँटी, म्हणजे ब्लाइंडशिवाय फेरीत एकदा भरायची आणखी एक सक्तीची रक्कम, मात्र त्याच्या ढिगातून कापले जातात. समजा ब्लाइंड ५०० आणि १,००० आहेत, अँटी १,००० आहे. एका फेरीत २,५०० गेले. ज्याच्याकडे २०,००० चिप्स आहेत, त्याचा आठवा हिस्सा एकही पान न पाहता संपला. नऊ डाव हुकले ते वेगळेच. कॅसूफलाही त्या स्पर्धेत असा दंड झाला.

दंड ठरवतो फ्लोअर, आणि तोही माणूसच. २००८ मध्ये फिल हेल्मथला मुख्य स्पर्धेत असाच एका फेरीचा दंड झाला होता. रोमानियाच्या क्रिस्टियन ड्रागोमिरने दश्शी-चव्वीवर त्याला कॉल करून हरवलं. हेल्मथच्या हातात एक्का-राजा होता, आणि त्याने ड्रागोमिरला चारचौघांत मूर्ख ठरवलं. दुसऱ्या दिवशी मालिकेचे आयुक्त जेफ्री पोलॅक यांनी तो दंड रद्द केला. हा निर्णय मला आजही पटत नाही. हेल्मथ मोठा खेळाडू आहे यात वाद नाही. १९८९ मध्ये २४व्या वर्षी त्याने आधीची सलग दोन वर्षं जिंकलेल्या जॉनी चॅनला हरवून ही स्पर्धा जिंकली, आणि या मालिकेची १७ ब्रेसलेट, म्हणजे स्पर्धा जिंकल्यावर मिळणारी कडी, त्याच्याकडे आहेत, इतकी दुसऱ्या कुणाकडे नाहीत. पण ड्रागोमिरच्या जागी बसलेला माणूस खेळाला लागतोच. तो स्वतःचे १०,००० डॉलर घेऊन येतो, कधी वाईट पानांवर कॉल करतो, आणि व्यावसायिकांच्या पोटाला त्याचेच पैसे लागतात. तो अपमान होऊन गेला आणि परतलाच नाही, तर टेबल व्यावसायिकांपुरतं उरतं. एकमेकांचे पैसे इकडून तिकडे फिरवून कुणाचंच पोट भरत नाही.

कॅमेऱ्यांनी हे सगळं वाढवलं. खेळाडूंची झाकलेली पानं प्रेक्षकांना दाखवणाऱ्या टेबलाचं पेटंट हेन्री ओरेन्स्टाइन यांच्या नावावर होतं. ते नाझी छळछावण्यांतून वाचलेले आणि पुढे खेळणी बनवण्यात नाव कमावलेले. पानं दिसू लागली तेव्हा पोकर टीव्हीवर पाहण्याजोगा झाला, आणि सर्वांत जास्त आवाज करणारा माणूस सर्वांत जास्त दिसू लागला. २००७ मध्ये याच मुख्य स्पर्धेत हेवाड खान या खेळाडूने डाव जिंकल्यावर इतका धिंगाणा केला की पुढच्या वर्षी अतिरेकी जल्लोषाविरुद्ध नियम आला.

२०१६ मध्ये कॅसूफला थांबवलं ते कॅनडाच्या ग्रिफिन बेंगरने. पूर्वी तो व्हिडिओ गेमचा व्यावसायिक खेळाडू होता. कॅसूफ नेहमीप्रमाणे बोलत होता आणि बेंगर बराच वेळ गप्प बसून होता. मग त्याने तोंडावर सांगितलं की याला खेळातलं बोलणं म्हणत नाहीत, ही शिवीगाळ आहे. फ्लोअरने जे नाव द्यायला इतके दिवस घेतले, ते टेबलावरच्या एका खेळाडूने दिलं. त्या वेळी कॅसूफच्या हातात दोन राजे होते. सगळ्या चिप्स मध्ये गेल्यावर बेंगरने आपली पानं उलटली. दोन एक्के. पुढच्या पाच पानांत कॅसूफला काहीच लागलं नाही.

बेंगर त्या वर्षी सातवा आला. कॅसूफ पुढेही खेळत राहिला. २०२५ मध्ये तो याच स्पर्धेत पुन्हा खोलवर गेला, बाहेर पडताना पुन्हा तोंड सोडलं, आणि या वेळी आयोजकांनी त्याच्यावर मालिकेच्या उरलेल्या दिवसांसाठी बंदी घातली.