रात्री दहाची गोळी, पण कुठल्या दहाची?

मुंबईत रात्रीचे दहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये, उन्हाळ्यात, दुपारचे साडेबारा झालेले असतात. मुलांकडे राहायला निघालेल्या आईवडिलांनी रोजची औषधं मग कुठल्या घड्याळाने घ्यायची? प्रत्येक औषधाचं उत्तर वेगळं आहे. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला किती वेळ लागतो, यावर ते बरंचसं ठरतं.

थायरॉइडच्या गोळीतल्या लेव्होथायरॉक्सिनला त्यासाठी सुमारे ७ दिवस लागतात, बीपीच्या ॲम्लोडिपिनला ३० ते ५० तास. वेळ एकदा नऊ-दहा तास पुढेमागे झाल्याने यांचं सहसा बिघडत नाही. उतरल्यावर तिथल्या सकाळपासून सुरू करायच्या. चुकली म्हणून दोन एकदम मात्र घेऊ नयेत. रक्त पातळ ठेवणारं एपिक्साबॅन दर १२ तासांनी घ्यायचं असतं. तिथे प्रवासात मुंबईचीच वेळ पाळावी आणि पोचल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू सरकवावी.

खरी काळजी इन्सुलिनची. ग्लार्जिनसारखं दिवसभर पुरणारं इन्सुलिन साधारण २४ तास काम करतं. मुंबईत रात्री दहाला टोचून पुढचं न्यूयॉर्कच्या रात्री दहाला घेतलं, तर मधे साडेतेहतीस तास जातात. शेवटचे साडेनऊ तास शरीर जवळजवळ उघडं पडतं. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णाला त्यातून कीटोॲसिडोसिसपर्यंत (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचण्यापर्यंत) वेळ येऊ शकते. परतताना नेमकं उलटं होतं. दोन डोसांत साडेचौदाच तास उरतात, एकाचा असर दुसऱ्यावर चढतो आणि झोपेत शुगर घसरते. म्हणून जाताना मधे एखादा छोटा डोस आणि येताना कमी केलेला डोस, असा हिशेब डॉक्टर मांडून देतात. तो आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो, शेजाऱ्याचा वापरू नये. जेवणाआधीचं इन्सुलिन मात्र जेवणाबरोबरच चालतं. विमानात ताट खरंच समोर आल्यावरच ते टोचावं. जेवण लांबलं तर गाठ शुगर घसरण्याशी असते.

त्यासाठी डॉक्टरांची भेट तिकीट काढल्यावर लगेच घ्यावी, निघायच्या आदल्या दिवशी नाही. प्रवासाच्या वेळा दोन्हीकडच्या घड्याळांनुसार लिहून न्याव्यात.

इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वापरू नये. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. तेही देशागणिक बदलू शकतं: आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटॅमिनोफेन म्हणून मिळतं, आणि दोन्ही वेगळी समजून एकत्र घेतली तर डोस दुप्पट होतो.