कुत्रं आधी सांगतं, मग चावतं

वैतरणा स्टेशनच्या फलाटावर दुपारी एखादं कुत्रं बाकाखाली पसरलेलं असतं. डहाणू लोकलची वाट बघणाऱ्या आईचा हात सोडून एक पोर त्याच्याकडे धावतं. पुढच्या पाच-सहा सेकंदांत त्या कुत्र्याच्या अंगावर काय काय घडतं, हे कधी निरखून पाहिलंय?

आधी ते मान वळवतं. मग जिभेचं टोक झर्रकन नाकावरून फिरतं, समोर खायला काही नसताना! मग जांभई येते, झोप उडालेली असताना! पोर आणखी जवळ आलं की डोळे तिरके होतात, कडेचं पांढरं दिसू लागतं. आणि मग सगळ्यांत धोक्याची खूण: ते जागच्या जागी ताठरतं. त्यानंतर गुरगुर, त्यानंतर दात. चावा सगळ्यांत शेवटी येतो. रुळांवर लाल सिग्नलच्या आधी पिवळा लागतो ना, अगदी तसंच. फक्त इथे पिवळे दिवे एकामागून एक लागत जातात आणि आपलं तिकडे लक्षच नसतं.

मुलांना हे का दिसत नाही? इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात कर्स्टिन माइन्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना कुत्र्यांचे चेहरे दाखवले. दात विचकणारं कुत्रं बऱ्याच चिमुरड्यांना चक्क हसरं वाटलं! त्यात त्यांची काय चूक? जन्मल्यापासून त्यांनी पाहिलेलं असतं की दात दिसले म्हणजे माणूस खुशीत आहे. दात तेच, अर्थ नेमका उलटा.

बरं, शेपूट हलतेय म्हणजे तरी लाडात आलंय ना? तेही खात्रीचं नाही. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी मोजून पाहिलं. मालक दिसला की कुत्र्याची शेपूट कुत्र्याच्या स्वतःच्या उजवीकडे जास्त झुकत होती आणि समोर अनोळखी, वरचढ कुत्रा आला की डावीकडे. मेंदूच्या दोन अर्ध्या भागांमधली कामाची वाटणी थेट शेपटीत उतरते!

आता सगळ्यांत उलटं वाटेल असं. घरचं कुत्रं बाळावर गुरगुरलं की आपण त्याला फटका देतो. त्यातून ते काय शिकतं? न गुरगुरायला. पोटातली भीती तशीच राहते, इशारा तेवढा जातो आणि पुढच्या वेळी थेट चावा येतो. म्हणून गुरगुर ऐकली की मुलाला शांतपणे बाजूला घ्यायचं. खाताना, झोपेत किंवा पिल्लांपाशी असलेल्या कुत्र्याला छेडायचं नाही. आणि कितीही गुणी कुत्रं असो, लहान मूल आणि ते, दोघांनाच कधी सोडायचं नाही.

मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो, म्हणून ही काळजी जास्त. चाव्यातून शिरलेला रेबीजचा विषाणू मज्जातंतूंच्या आतून हळूहळू मेंदूकडे सरकतो. चावा चेहऱ्यावर असेल तर ही वाट फारच छोटी. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण या विषाणूला स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं आणि साधा साबण ते फोडतो! जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. मग तडक सरकारी दवाखाना गाठायचा. लशीचे सगळे डोस पूर्ण करायचे आणि कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेत भरायचं इंजेक्शनही घ्यायचं. विषाणू वाटेत असतानाच शरीर तयार होतं, म्हणून ही शर्यत जिंकता येते.

रेबीजला असं हरवणं अख्ख्या राज्याला जमतं का? गोव्यात २०१३ साली ‘मिशन रेबीज’ सुरू झालं. जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरत कुत्र्यांना लस टोचली गेली, त्याच वेळी शाळाशाळांतून मुलांना कुत्र्याशी कसं वागायचं ते शिकवलं गेलं. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला. लस आणि धडा, दोन्ही हातात हात घालून गेले.

यातला धडा तर आजच, घरच्या घरी देता येईल. अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, ओरडायचं नाही. झाड व्हायचं: पाय घट्ट, हात दुमडलेले, नजर आपल्याच पावलांवर. पळणाऱ्याच्या मागे कुत्रं धावतं. निश्चल उभ्या झाडाला हुंगतं आणि बहुतेकदा निघून जातं. अंगणात मुलांकडून दोन-तीनदा करून घ्या. त्यांना तो खेळच वाटेल, आणि खेळातून शिकलेलं ऐन वेळी आठवतं.