मिक्सर मधूनच का थांबतो?

घरी अडणारा मिक्सर नागपूरला सीताबर्डीवर दुरुस्तीला नेला, की तिथे नेमका सुरळीत फिरतो! म्हणून खोड घरीच हेरून ठेवावी.

आधी दुसऱ्या सॉकेटवर लावून पाहा. भांडे ठासून भरले, की विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर पडतो तसे तळाचे लाल बटण उडते. मिक्सर थंड होऊ द्यावा, मग ते दाबावे. आत ठिणग्या फार दिसल्या, तर बहुधा कार्बन ब्रश झिजलेले. लगेच मोटार भरून घेऊ नका.

वायर हलली की चालू-बंद होत असेल, तर प्लगजवळ आतली तार तुटत आलेली असते. आम्हांला हीच खोड सर्वांत वाईट वाटते. तिथे 230 व्होल्ट खेळतात, अन् आपण चिकटपट्टी गुंडाळून चटणी वाटत बसतो! पिन काढा आणि अर्थिंगसह तीन पिनांची नवी वायर बसवून घ्या.